घरचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो, रीस्टार्ट होतो : शोध कुठून सुरू करायचा

मे महिन्यातल्या एका दुपारी अकोल्याहून वहिनीचा फोन आला. "भाऊजी, तो पुन्हा गेला. आणि आता टॅलीत कंपनीच उघडत नाहीये." वहिनी घरी बसून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर दोन मेडिकल स्टोअर्सचे हिशेब सांभाळते. तीन महिन्यांतला हा कितवा फोन, ते मोजायचं मी सोडलं होतं. दरम्यान कॉम्प्युटर दुकानात दोनदा जाऊन आला होता. पहिल्या खेपेला "विंडोज करप्ट झालीय" म्हणून फॉरमॅट मारून मिळाला, दुसऱ्या खेपेला नवा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, बसवून. दोन्ही वेळा दुकानात तो दिवसभर चालला, एकदाही बंद पडला नाही. घरी आला की चार-पाच दिवसांत पुन्हा तेच.

दादाचं निदान ठरलेलं होतं. "अबे, पंचेचाळीस टेंपरेचर आहे इथं. माणसं बंद पडून राह्यली, कॉम्प्युटर काय चीज आहे!" खरं सांगायचं तर माझंही तेच निदान होतं, आणि ते साफ चुकलं. कसं चुकलं ते सांगतो. त्या ओघात बाकीच्या शक्यताही येतील, कारण रोग एकच दिसत असला तरी त्याची कारणं डझनभर आहेत.

जातो म्हणजे नेमका कसा जातो?

"बंद पडतो" म्हणताना लोक वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात आणि इथंच निम्मी दिशाभूल होते.

लाईट गेल्यासारखा एका क्षणात अंधार, पंखे थांबले, शांतता, असं होत असेल तर वीज तुटली आहे. भिंतीतल्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंतच्या (कॅबिनेटमधल्या मुख्य बोर्डापर्यंतच्या) वाटेवर कुठंतरी, किंवा प्रोसेसर फार तापल्यामुळं मदरबोर्डनंच ती तोडली. आधी निळा पडदा दिसतो, काही टक्के मोजले जातात आणि मग रीस्टार्ट होतो, तर वीज ठीक आहे. विंडोजला न झेपणारं काहीतरी घडलं आहे. रॅम, ड्रायव्हर, डिस्क, ग्राफिक्स कार्ड यांच्याकडं बघायचं. कधी निळा पडदा इतका झटकन जातो की दिसतच नाही. त्यासाठी 'ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज'मध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढून ठेवा. मग पडदा तसाच राहतो आणि मोबाइलनं फोटो काढता येतो. तिसरा प्रकार म्हणजे 'शटिंग डाऊन' असं रीतसर सांगून बंद होणं. हा बिघाड नाही. बहुतेक वेळा विंडोज अपडेट असतं, नाहीतर घरातलंच कुणीतरी.

या वर्गवारीत एक फसवी जागा आहे. वीज क्षणभर तुटून परत आली, तर काही कॉम्प्युटर बंदच राहतात आणि काही आपोआप सुरू होतात. ते बायोसमधल्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधल्या) एका सेटिंगवर ठरतं. नाव कंपनीगणिक बदलतं, पण 'एसी पॉवर लॉस' असे शब्द त्यात असतात. म्हणजे विजेचा तोच झटका एका घरात "बंद पडला" म्हणून सांगितला जातो आणि शेजारच्या घरात "रीस्टार्ट झाला" म्हणून. रीस्टार्ट होतोय म्हणून वीज निर्दोष, असं धरून चालू नका.

आणि त्या क्षणी मॉनिटरकडं बघा. ही सगळ्यात सोपी आणि फुकटातली तपासणी आहे. कॅबिनेट बंद झालं आणि मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवत जिवंत राहिला, तर दोष कॅबिनेटच्या आत आहे. मॉनिटरचाही दिवा विझला, किंवा पडद्यावर आधी मॉनिटरच्या कंपनीचं नाव उमटलं आणि मग 'नो सिग्नल' आलं, तर मॉनिटरचीही वीज गेली होती. कंपनीचं ते नाव मॉनिटर नव्यानं सुरू होतानाच दिसतं. अशा वेळी कॅबिनेट उघडण्याआधी त्याच्या मागं जा: यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, सॉकेट. वहिनीनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "टिक आवाज येतो, स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं आणि मग काळं." मी ऐकलं आणि सोडून दिलं. डोक्यात उन्हाळा होता ना.

वही

फोनवर मी वहिनीला एकच काम सांगितलं होतं: कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेव आणि तो बंद पडला की तारीख, वेळ, तू काय करत होतीस आणि घरात काय चालू होतं ते लिही. अकाउंटवाली बाई, वही चोख ठेवली. पुढं सगळा उलगडा त्या वहीनंच केला, पण त्याला अजून अवकाश होता.

तुमच्याकडं वही नसेल तर विंडोजची आहे. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टीम' उघडा. तिथं लाल खुणेचा 'कर्नल-पॉवर ४१' दिसला की लोक घाबरतात आणि ४१ नंबरचा एरर म्हणजे अमुक पार्ट गेला, असं कुणीतरी सांगतं. तसं काही नसतं. मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो, एवढंच विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर लिहून ठेवते. तुम्ही रागानं पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून ठेवलंत तरी हीच नोंद येते. कामाची गोष्ट तिच्या 'डिटेल्स'मध्ये आहे. तिथं 'बगचेक कोड' शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायलाच वेळ मिळाला नाही. वीज गेली किंवा सगळं जागच्या जागी गोठलं. शून्याऐवजी आकडा असेल तर निळा पडदा येऊन गेला आहे, तुम्ही पाहिला असो वा नसो. हा आकडा दशमान पद्धतीत असतो. २९२ असेल तर हार्डवेअरनं स्वतः केलेली तक्रार, २६ असेल तर मेमरीकडं बोट, २७८ असेल तर ग्राफिक्सकडं.

'६००८' या नोंदीत आधीचं बंद होणं साधारण किती वाजता झालं ते मिळतं. '१०७४' दिसली तर कुठल्या प्रोग्रॅमनं किंवा कुणी रीतसर बंद करायला सांगितलं त्याचं नाव असतं. अपडेटचा संशय इथं मिटतो. आणि 'डब्ल्यूएचईए-लॉगर'च्या नोंदी दिसत असतील तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. ती प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम किंवा त्यांना मिळणारी वीज यांची कुरकुर आहे.

वहिनीकडं सगळीकडं ४१ आणि आत शून्य. वीज किंवा उष्णता. मी अर्थातच उष्णता निवडली.

उष्णता : माझी चूक, पण वाया न गेलेली

सुट्टीत घरी गेलो तेव्हा कॅबिनेट बघून मला आनंदच झाला, कारण आरोपी जणू कबुलीजबाब घेऊनच उभा होता. टेबल खिडकीला लागून, खिडकीत कूलर. बाजूची पत्र्याची झाकणं काढली तर प्रोसेसरच्या पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला. कूलरच्या दमट हवेत धूळ नुसती साचत नाही, थापली जाते. शिवाय अकोल्याचं बोअरचं पाणी खारं. कूलरच्या थेट झोतात कॉम्प्युटर ठेवलात तर बारीक तुषारांबरोबर तो खार मदरबोर्डवर जाऊन बसतो. टेबल तिथून हलवलं, हे तुम्हीही करा.

हार्डवेअर मॉनिटरसारखं एखादं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की प्रोसेसरचं तापमान दिसतं. काम नसताना ४० ते ५०, कामात ६० ते ८० असेल तर चिंता नको. विदर्भात मे महिन्यात त्यात पाचेक अंश वर धरा. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या बऱ्याच रायझनची ९५. पण तिथं पोचल्याबरोबर ते बंद पडत नाहीत. आधी स्वतःचा वेग कमी करतात. पंखा घरघरतो, माऊस अडखळतो, सगळं रेंगाळतं, आणि तरीही तापमान चढतच गेलं तर मग वीज तोडली जाते. उष्णतेचं बंद पडणं सहसा असं सांगून येतं आणि जड कामात येतं: गेम, व्हिडिओ एडिटिंग. टॅलीत खरेदीची बिलं चढवताना पंख्याचा आवाज न वाढता कॉम्प्युटर पटकन जाणं हे उष्णतेचं लक्षण नाही. हे मला माहीत होतं, आणि तरीही.

वहिनीच्या प्रोसेसरचं तापमान साध्या कामात ९३ दाखवत होतं. प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या इंटेलच्या त्या गोल पंख्याला चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या काळ्या पिना असतात. त्यातली एक अर्धी वर आली होती, त्यामुळं पंख्याचा ठोकळा एका बाजूनं अधांतरी. अशा वेळी प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट कितीही महागडी लावा, उपयोग शून्य. ठोकळा काढला, वाळून खडू झालेली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, मधोमध तुरीच्या डाळीएवढी नवी पेस्ट ठेवली आणि पिना तिरप्या जोडीनं दाबल्या; आधी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतल्या, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा 'टक' आवाज यायला हवा. मदरबोर्डच्या मागून बघितलं तर चारही पिनांची पांढरी टोकं फाकलेली दिसतात. दिसली नाहीत तर पुन्हा काढून बसवा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, गरगर फिरू द्यायचा नाही.

तापमान ९३ वरून ६४ वर आलं. मी विजयी मुद्रेनं पुण्याला परतलो. सहाव्या दिवशी फोन.

कॅलेंडर

पुढच्या खेपेला मी स्क्रूड्रायव्हर बॅगेतच ठेवला आणि वही घेऊन बसलो. अकरा नोंदी. एक सकाळी साडेसातची, दोन दुपारच्या, एक रात्री नऊची. वेळेला धरबंद नाही. पण तारखांमध्ये अंतर सारखं वाटत होतं: चार दिवस, पाच दिवस, पाच, चार. मी त्या तारखा मोठ्यानं वाचत होतो आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे तर नळाचे दिवस वाचून राह्यला तू."

आमच्याकडं नळ रोज येत नाहीत. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर नळाच्या दिवशी पेनानं छोटा गोल करते. तिथंच दुधाच्या रतिबाच्या खुणा, तिथंच गॅस लावल्याची तारीख. कॅलेंडर उतरवून वहीशेजारी ठेवलं. अकरापैकी दहा नोंदी गोलावर. अकराव्या नोंदीच्या दिवशी शेजाऱ्यांकडं बोअरवेलचं काम चालू होतं.

नळ आले की हौद भरतो आणि मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतात. फक्त आम्ही नाही, सगळी गल्ली, साधारण एकाच वेळी. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि अशा दहा-पंधरा मोटरी मागोमाग लागल्या की लाईनचं व्होल्टेज क्षणभर बसतं. पूर्वी पिवळे बल्ब होते तेव्हा हे दिसायचं, उजेड डुचमळायचा. आता एलईडी दिव्यांना काही फरक पडत नाही, त्यामुळं कुणाला कळतही नाही. मी मल्टीमीटर सॉकेटला लावून बसलो आणि आईला मोटर लावायला सांगितली. २२१ वर असलेला आकडा खाली गेला, दीडशेच्या घरात काहीतरी दिसलं आणि पुन्हा वर आला. टेबलाखाली 'टिक' वाजलं. कॉम्प्युटर गेला.

मी खाली वाकेपर्यंत यूपीएसवर हिरवा दिवा लागलेला होता. म्हणूनच तीन महिने त्याच्यावर कुणाचा संशय गेला नाही. जो दिसतो तो हिरवाच दिसतो.

झालं असं होतं: व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की यूपीएस 'टिक' करून बॅटरीवर जातो. बॅटरी मेलेली होती. तिनं भार घेतला आणि त्याच क्षणी मान टाकली, यूपीएसनं वीज तोडली. एक-दोन सेकंदांत लाईनचं व्होल्टेज सावरलं, यूपीएस आपोआप पुन्हा सुरू झाला, मॉनिटर कंपनीचं नाव दाखवत जागा झाला, कॉम्प्युटर मात्र बंदच राहिला. दुकानात ना गल्लीतल्या मोटरी होत्या, ना आमचा यूपीएस. तिथं तो बंद पडणार कशाला?

गंमत पुढं आहे. यूपीएस बाजूला काढून कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत लावली आणि पुन्हा मोटर सुरू केली. कॉम्प्युटर हललासुद्धा नाही. चार वेळा केलं, चारही वेळा नाही. दुकानदारानं बसवलेल्या नव्या एसएमपीएसवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं होतं, म्हणजे दीडशे त्याला सहज चालत होतं. शिवाय चांगला एसएमपीएस पुरवठा पूर्ण तुटला तरी १५-२० मिलिसेकंद आपल्या पोटातल्या साठ्यावर काढतो. यूपीएस नसता तर कॉम्प्युटर कधी बंद पडलाच नसता. राखणदारच दार लावून घेत होता.

यूपीएसची परीक्षा

घरगुती ६०० व्हीएच्या (व्हीए म्हणजे भार पेलण्याची ताकद) यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-अवरची एक सीलबंद बॅटरी असते. दोन-तीन वर्षं हे तिचं आयुष्य. उष्णतेनं ते झपाट्यानं घटतं. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशेब धरतात. अकोल्यातल्या मे महिन्यात टेबलाखाली, भिंतीला टेकून, यूपीएसच्या स्वतःच्या उबेत ती बॅटरी काय सोसत असेल ते बघा. आमची पाच वर्षांची होती.

मल्टीमीटर इथं फसवतो. नुसत्या बॅटरीवर तो १२.६ दाखवतो आणि आपण म्हणतो बॅटरी झकास. पण कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १२० वॉट खात असतील, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून दहा-बारा ॲम्पिअर निघायला हवेत. म्हाताऱ्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो, एवढा करंट मागितला की तिचं व्होल्टेज धाडकन दहाच्या खाली येतं. म्हणून परीक्षा भारावरच घ्यायची. कॉम्प्युटर काढून ठेवा, होल्डरला जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून तो यूपीएसच्या मागच्या सॉकेटला जोडा आणि यूपीएसची भिंतीतली पिन उपसा. बल्ब पाच-सात मिनिटं तेवत राहिला तर बॅटरी ठीक. आमच्याकडं बल्ब लुकलुकलासुद्धा नाही, सरळ विझला.

नवी बॅटरी नऊशे रुपयांना मिळाली, जुनी परत घेऊन. शिसं असतं, कचऱ्यात टाकू नका. दुकानदार ती घेतातच. यूपीएसला खालून बॅटरीचं वेगळं दार असेल तर घरी बदलता येते, लाल तार लालला, काळी काळीला. पूर्ण खोकं उघडावं लागत असेल तर माहीतगाराकडून करून घ्या. भिंतीतली पिन काढली तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत आत २३० व्होल्ट तयार होऊ शकतात.

एक उपप्रकार इथंच सांगतो. बॅटरी नवी आहे आणि तरीही लाईट गेली की कॉम्प्युटर जातो, असं असेल तर एसएमपीएसवर 'ॲक्टिव्ह पीएफसी' लिहिलंय का बघा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना चौकोनी लहर देतात, आणि असे काही एसएमपीएस तिच्यावर रुसतात. मग 'प्युअर साइन वेव्ह' यूपीएसला पर्याय नाही. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला असेल तर आधी तो काढा. तापताना तो जेवढा करंट ओढतो तेवढा द्यायची ६०० व्हीएच्या यूपीएसची ताकद नसते.

यूपीएस निर्दोष असेल तर

एसएमपीएस. बाहेर ४५० वॉट लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती ॲम्पिअर आहेत ते बघा आणि गुणाकार करा. १६ ॲम्पिअर असतील तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची भूक भागते ती याच १२ व्होल्टवर. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर मुलानं गेमसाठी ग्राफिक्स कार्ड चढवलं आणि गेम सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला कॉम्प्युटर जातो, याचा उलगडा इथं होतो. मोठ्या कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल न्या. एकाच केबलची दोन तोंडं लावून भागवू नका. मल्टीमीटर असेल तर कॉम्प्युटर चालू असताना पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ मिळायला हवेत. तरी खात्रीची तपासणी एकच, ओळखीच्या कुणाचा तरी चांगला एसएमपीएस दोन दिवस उसना लावून बघणं. आणि एसएमपीएसचं खोकं उघडू नका. आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात, आणि पिन काढल्यावरही काही काळ तिथंच राहतात. मागच्या जाळीतून आत पाल गेली असेल, हेही आपल्याकडं होतं, तरी ते दुकानदाराला बघू द्या.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात? अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियन बोलवा आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरिंगमध्ये काम आहे. घरात मिक्सर लावला की किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की कॉम्प्युटर जातो, अशी तक्रार असेल तर बोर्डाच्या मागं एखादी सैल झालेली न्यूट्रल सापडते.

रॅम. निळे पडदे येतात, दर वेळी वेगळ्याच नावाचे, तर आधी रॅम. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यानंतर हे हमखास होतं, खाऱ्या दमट हवेनं सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. कॉम्प्युटरची पिन काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवा, रॅम काढून पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घासा, चुरा झटका, पुन्हा बसवा, दोन्ही बाजूंचा खटका ऐकू येईपर्यंत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दोन-दोन दिवस चालवा. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट ८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवून सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती रॅम गेली. "एकच तर एरर आहे" असं रॅमच्या बाबतीत नसतं. फक्त रॅम फेकण्याआधी, बायोसमध्ये 'एक्सएमपी' (रॅम जास्त वेगानं चालवणारं सेटिंग) चालू असेल तर तो बंद करूनही बघा, कधीकधी रॅम चांगली असते, फक्त वेग झेपत नसतो.

पॉवरचं बटण. हा आरोपी कुणालाच आठवत नाही. चालू करतो आणि चार-पाच सेकंदांत बंद होतो, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर कॅबिनेटचं बटण आत अडकलेलं असू शकतं. बटण तेवढा वेळ दाबून धरलं की मदरबोर्ड वीज तोडतो. त्याला वाटतं तुम्हीच दाबून धरलंय. शेजारच्या छोट्याच्या कॉम्प्युटरमध्ये बटणाच्या खाचेत सुकलेला जॅम निघाला होता. मदरबोर्डवरून पॉवर आणि रीसेटच्या बारीक तारा उपटा, पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून कॉम्प्युटर सुरू करा. आता तो टिकला तर नव्या बटणाला किती पैसे लागतात ते विचारायचीही गरज नाही, रीसेटचं बटणच पॉवरच्या जागी जोडा.

डिस्क आणि सॉफ्टवेअर शेवटी बघा. डिस्क खराब झाली तर कॉम्प्युटर बहुतेक आधी अडकतो, गोठतो, मग जातो. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरनं तिची तब्येत कळते. ड्रायव्हर नवा टाकल्यापासून सुरू झालं असेल तर जुन्यावर परत जा. व्हायरसमुळं कॉम्प्युटर धप्पकन बंद पडतो ही समजूत जुनी आहे; आज व्हायरस लिहिणाऱ्याला तुमचा कॉम्प्युटर चालूच हवा असतो. फॉरमॅट हा उपाय निळ्या पडद्यावर कधी चालतो, विजेच्या बंद पडण्यावर कधीच नाही. आणि दुकानात द्यायच्या आधी डेटाची एक प्रत काढा. वहिनीचा पहिल्या फॉरमॅटमध्ये गेलेला मार्च महिना आम्ही बिलांच्या गठ्ठ्यांवरून पुन्हा चढवला.

एवढं सगळं करून उरतो तो मदरबोर्ड. प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा तपकिरी ओघळलेले दिसले तर तोच. आठ-दहा वर्षांच्या कॉम्प्युटरला नवा मदरबोर्ड शोधण्यात मी पैसे घालणार नाही, पण ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न.

नव्या बॅटरीवर मी मार्करनं तारीख लिहिली आणि वहिनीला सांगितलं, दर सहा महिन्यांनी काम सेव्ह करून यूपीएसची पिन उपसून बघ. तिनं सहा महिने काही थांबायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. पुढच्या नळाच्या दिवशी तिचा मेसेज आला, आईनं मोटर लावली त्या वेळेचा: "टिक वाजलं. चालू आहे." खाली वहीच्या पानाचा फोटो. बाराव्या नोंदीच्या जागी तिनं आडवी रेघ मारून हिशेब बंद केला होता.